विंटर टायर घ्यायचे की नाही? टोरंटोकडच्या गाडीवाल्यांसाठी सगळा हिशोब

कॅनडात पहिली गाडी घेतली आणि ऑक्टोबर लागला की सल्ले सुरू होतात. ऑफिसातला कॅनेडियन म्हणतो विंटर टायर नसतील तर गाडी बाहेरच काढू नकोस, आणि टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला आपलाच कुणी दादा म्हणतो अरे काही गरज नाही, मी कायम ऑल-सीझनवर (गाडीसोबत आलेल्या साध्या टायरवर) चालवतो, आजपर्यंत काही झालं नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. दादा घरून काम करतो, त्याच्या गल्लीत सकाळी सहाला प्लाऊ (स्नो बाजूला सारणारा ट्रक) येऊन गेलेला असतो आणि वादळाच्या दिवशी तो गाडीला हातच लावत नाही. ऑफिसातला माणूस टोरंटोच्या उत्तरेकडच्या बॅरीहून रोज हायवे ४०० ने खाली येतो. दोघांचा हिवाळा एक नाहीच.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या शहरात स्नो किती पडतो हा प्रश्न दुय्यम आहे, खरा प्रश्न हा की रस्ता खराब असेल त्या सकाळी तुम्हाला घरी बसता येतं का. येत असेल तर स्वस्तात भागतं, येत नसेल तर विंटर टायर घ्या आणि विषय संपवा. आता हे स्वतःच्या बाबतीत कसं ठरवायचं ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी कायदा, कारण काही ठिकाणी निवडच नसते

क्युबेकमध्ये रजिस्टर असलेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, दंड २०० ते ३०० डॉलर. मॉन्ट्रियलला नोकरी लागून शिफ्ट होत असाल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, थेट खरेदीच्या भागाकडे जा. ब्रिटिश कोलंबियात डोंगरातल्या बहुतेक हायवेंवर १ ऑक्टोबरपासून विंटर टायर लागतात, काही रस्त्यांवर ३१ मार्चपर्यंत आणि बाकी ठिकाणी ३० एप्रिलपर्यंत, आणि तिथे टायरच्या खाचेची खोली किमान साडेतीन मिलिमीटर हवी. म्हणजे व्हँकुव्हरच्या गल्लीत नियम नाही पण त्याच गाडीने डोंगरातल्या व्हिस्लरला निघालात की लागू होतो, भाड्याची गाडी घेत असाल तर बुकिंग करतानाच विचारून घ्या.

ऑन्टारियोत सक्ती नाही. पण १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक इन्शुरन्स कंपनीला विंटर टायरवर डिस्काउंट द्यावंच लागतं, हे बऱ्याच नवीन लोकांना माहीतच नसतं आणि एजंट आपणहून सांगेलच असं नाही. खिळे असलेले स्टडेड टायर मात्र दक्षिण ऑन्टारियोतल्या रहिवाशांना चालत नाहीत, ती सोय उत्तरेकडच्यांसाठी आहे, तेव्हा कुणी सेकंड हँड स्टडेड सेट स्वस्तात देतोय म्हणून उचलू नका.

कॅल्गरी, एडमंटन, विनिपेग ह्या बाजूला राहात असाल तर कायदा काहीही म्हणो, मी तरी विचार करत बसणार नाही, सरळ विंटर टायर घेईन. आणि जर्मनीत असाल तर तिथला नियम तारखेचा नसून परिस्थितीचा आहे, रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाळ चिखल असेल तर योग्य टायर हवेतच, नाहीतर ६० युरो आणि लायसन्सवर एक पॉइंट. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फक्त डोंगर आणि स्नोफ्लेकचं चिन्ह असलेलाच टायर धरतात.

आत्ता गाडीला कुठले टायर आहेत ते वाकून बघा

हे घरबसल्या पाच मिनिटांत होतं. टायरवर तीन गोष्टी बघायच्या, पहिल्या दोन बाजूच्या भिंतीवर असतात.

पहिली, चिन्ह. एम आणि एस ही दोन अक्षरं, मधे अधिकचं चिन्ह, हे जवळजवळ प्रत्येक ऑल-सीझनवर असतं. लोकांना वाटतं मड आणि स्नो लिहिलंय म्हणजे स्नोसाठी चालतो. हे फक्त खाचांच्या रचनेवरून मिळतं, खाचांची मोकळी जागा पुरेशी आहे एवढंच त्यातून कळतं, स्नोवर चालवून बघायची परीक्षा त्यात नाही. दुसरं चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि आत स्नोफ्लेक. हे १९९९ पासून आहे आणि ह्याला खरी परीक्षा आहे, दाबलेल्या स्नोवर ठरावीक संदर्भ टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. पण तीही मुख्यतः गाडी पुढे खेचण्याची परीक्षा आहे, आइसवर ब्रेक कसा लागतो किंवा वळणावर काय होतं हे ती बघत नाही. म्हणून डोंगराचं चिन्ह असलेले दोन टायर सारखेच चांगले असतील असं नाही.

दुसरी गोष्ट, वय. डीओटी ह्या अक्षरांनंतर लांबलचक कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे बघा, ४२२१ म्हणजे २०२१ सालातला बेचाळिसावा आठवडा. कधीकधी हा पूर्ण कोड टायरच्या गाडीकडच्या बाजूला असतो, मग मोबाईलचा कॅमेरा खाली घालून फोटो काढायचा.

तिसरी, खाचेची खोली. इथे आपली भारतातली सवय नडते. आपल्याकडे टायर पूर्ण गोटा झाल्याशिवाय बदलत नाहीत, बटणं (रबराचे उंचवटे) दिसतायत ना मग चालतंय की असा हिशोब. स्नोमध्ये तो हिशोब चालत नाही कारण खाचांनी स्नो पकडून धरायचा असतो, स्नोला स्नो चांगला चिकटतो म्हणून. खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली की स्नोसाठी तो टायर संपला, कोरड्या रस्त्यावर तो अजून एखादा उन्हाळा छान चालेल तरीही. खोली मोजायचं गेज पाच-सात डॉलरला मिळतं, घेऊन ठेवा, सेकंड हँड टायर बघायला जातानाही लागेल.

आता दुकानात चार प्रकारचे टायर मिळतात, आणि नावांचा इतका गोंधळ आहे की सेल्समनही कधी कधी चुकीचं बोलतात. समर टायर, हे स्पोर्टी गाड्यांना येतात, थंडीत ते प्लॅस्टिकसारखे कडक होतात, ह्यांच्यावर डिसेंबरमध्ये गाडी चालवणं म्हणजे शुद्ध धोका. ऑल-सीझन, जे नव्या गाडीला बहुतेक वेळा कंपनीतूनच येतात, नाव सगळ्या ऋतूंचं असलं तरी ते तीनच ऋतूंचे आहेत. ऑल-वेदर, हे वेगळे, ह्यांच्यावर डोंगराचं चिन्ह असतं आणि वर्षभर गाडीवर ठेवता येतात, मिशेलिन क्रॉसक्लायमेट २, नोकियनचे डब्ल्यूआर किंवा रेमेडी, टोयो सेल्सियस वगैरे. आणि खरे विंटर, जसे ब्रिजस्टोन ब्लिझॅक, मिशेलिन एक्स-आइस, नोकियन हाकापेलीटा, काँटिनेंटल व्हायकिंगकाँटॅक्ट. नोकियन ही फिनलंडची कंपनी, तिने १९३४ साली ट्रकसाठी जगातला पहिला विंटर टायर बनवला.

सात डिग्रीचं प्रकरण काय आहे

विंटर टायर म्हणजे खोल खाचा असलेला टायर एवढंच नाही, मुख्य फरक रबरात आहे. तूप जसं थंडीत थिजतं तसं साधं रबर तापमान उतरलं की कडक होत जातं, आणि कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुतत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं मिसळलेलं असतं. शिवाय प्रत्येक बटणावर बारीक बारीक चिरा असतात, गाडीचं वजन आलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात, आइसवरचा पाण्याचा पातळ थर त्या ओढून घेतात. सात डिग्री ही काही जादूची रेषा नाही, पण साधारण त्याच्या खाली विंटर टायर सरस ठरायला लागतो म्हणून सगळे तो आकडा सांगतात.

ह्याचा अर्थ कोरड्या डांबरी रस्त्यावर, उणे बारामध्ये, एक कण स्नो नसतानाही तुमचा ऑल-सीझन नेहमीसारखा वागत नाही. आणि उलट बाजूही आहे, मऊ रबर एप्रिलनंतरच्या उकाड्यात भराभर झिजतं आणि ब्रेकही सैल लागतो, म्हणून विंटर टायर वर्षभर ठेवणं हा शहाणपणा नाही.

उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त घसरडा असतो हे नवीन माणसाला पटत नाही. खूप थंडीत आइस कोरडं असतं, शून्याजवळ त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. आणि टोरंटोचा हिवाळा म्हणजे ह्या शून्याभोवतीच घुटमळणं, दुपारी वितळलं, रात्री गोठलं, सकाळी रॅम्पवर ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पातळ बर्फ, तयार. त्यामुळे "इथे कुठे विनिपेगसारखी थंडी आहे" हा युक्तिवाद माझ्या मते उलटाच पडतो.

ब्रेकचं गणित, एकदा करून बघाच

ताशी ५० च्या वेगाने चाललात, समोर कुणीतरी आलं, तुम्ही पूर्ण ब्रेक दाबला. गाडी किती मीटरवर थांबेल हे टायर आणि रस्ता ह्यांच्यातल्या घर्षणावर ठरतं. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरा, साधारण १२ मीटर. दाबलेल्या स्नोवर चांगल्या टायरला ०.३ मिळाला असं धरा, ३३ मीटर. त्याच स्नोवर झिजलेल्या किंवा कडक झालेल्या टायरला ०.२ मिळाला तर ४९ मीटर. चकचकीत आइसवर ०.१ धरला तर ९८, तिथे खरं तर टायर कुठलाही असो, वेग कमी ठेवणं एवढंच हातात आहे. हे आकडे गणितासाठी धरलेले आहेत, कुठल्या ठरावीक ब्रँडचे नाहीत, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर ह्यात धरलेलंच नाही.

३३ आणि ४९ मध्ये फरक १६ मीटरचा दिसतो, चार गाड्यांच्या लांबीपेक्षा कमी. पण दुसऱ्या बाजूने बघा. ज्या जागी चांगल्या टायरची गाडी पूर्ण थांबलेली आहे, त्या जागेवर दुसरी गाडी अजून जवळजवळ ताशी २९ च्या वेगाने चाललेली असते. शाळेच्या क्रॉसिंगवर हा फरक काय ते वेगळं सांगायला नको.

आणि इथेच ऑल-व्हील ड्राइव्हचा गैरसमज काढून टाकू. "माझी गाडी एडब्ल्यूडी आहे, मला काय गरज" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. चारही चाकं फिरवल्याने गाडी सिग्नलवरून पटकन सुटते, ड्राइव्हवेच्या चढावर चढते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतोच, त्यामुळे थांबताना एडब्ल्यूडीचा काडीचाही फायदा नाही, वळताना थोडाफार. उलट सहज वेग घेता येतो म्हणून माणूस बेफिकीर होतो. विंटर टायर लावलेली साधी कोरोला आणि झिजलेल्या ऑल-सीझनवरची मोठी एसयूव्ही ह्यांत स्नोच्या दिवशी मी कोरोलात बसेन.

स्वतःला विचारायचे प्रश्न

कामावर जाणं टाळता येतं का? नर्स, पीएसडब्ल्यू (आजारी-वृद्धांची काळजी घेणारे), वेअरहाऊसची पहाटेची शिफ्ट, फॅक्टरी, डिलिव्हरी, उबर, ह्यात "आज स्नो आहे म्हणून येत नाही" चालत नाही. आणि पहाटे पाचला तुम्ही प्लाऊच्याही आधी रस्त्यावर असता. हा एकच प्रश्न माझ्या मते बाकी सगळ्यांच्या बरोबरीचा आहे.

कुठून कुठे जाता? टोरंटोतून जाणाऱ्या हायवे ४०१ वर बर्फ वितळवायला मिठाचा मारा सतत असतो, मुख्य हायवे वादळानंतर काही तासांत काळा होतो. पण घरापासून हायवेपर्यंतचा रस्ता, कॉन्डोच्या पार्किंगचा उतार, नवीन सबडिव्हिजनमधल्या गल्ल्या, इथेच गाडी घसरते. बॅरी, ऑरेंजव्हिल, कॉलिंगवूड, ऑन्टारियोतलं लंडन ह्या बाजूला जात असाल तर लेक ह्युरन आणि जॉर्जियन बेवरून येणारा लेक इफेक्ट स्नो (तळ्यावरच्या वाऱ्याने एका पट्ट्यात पडणारा जोरदार स्नो) लक्षात ठेवा, मिसिसॉगात ऊन असतं आणि तासाभराच्या अंतरावर समोरचं दिसत नाही. गावाकडच्या दोन लेनच्या रस्त्यांवर वाऱ्याने शेतातला स्नो आडवा येऊन पसरतो, तिथे तर वादळही लागत नाही.

वीकेंडला कुठे? मुलं ब्लू माउंटनला स्कीइंग शिकायला जातात, ओटावाला मावशी राहते, ख्रिसमसमध्ये क्युबेक सिटीला जायचं ठरतंय, तर ते सगळं मोजा. शहरातल्या शहरात चालवणारा माणूस अशा एका ट्रिपमध्ये वर्षभराचा धोका पत्करतो.

गाडी कुणी-कुणी चालवतं? पहिलाच हिवाळा असेल, जी टू (ऑन्टारियोतलं नवशिक्यांचं) लायसन्सवाला मुलगा चालवत असेल, किंवा भारतातून आलेले बाबा इथलं लायसन्स काढून नातवंडांना सोडायला जात असतील, तर चांगला टायर थोडी चूक पोटात घालतो.

आणि गाडी अजून किती ठेवणार? लीज पुढच्या मे महिन्यात संपणार असेल तर एका सीझनसाठी नवीन सेट घेणं कठीणच पटतं, मग सेकंड हँड सेट रिमसकट बघा, नंतर विकताही येतो.

आता पैसे

दुकानात हजार-बाराशे डॉलर ऐकले की पोटात गोळा येतो, पण तो सगळा खर्च जास्तीचा नसतो. विंटर टायर चालतायत तेव्हा तुमचे नेहमीचे ऑल-सीझन टायर गराजमध्ये विश्रांती घेतायत, ते तितके महिने जास्त टिकणार. हा हिशोब मी मधल्या आकाराच्या सेदानसाठी ढोबळ आकडे धरून मांडतो, तुमच्या कोटेशनचे आकडे ह्यात घाला.

चार विंटर टायर आणि साधे स्टील रिम मिळून ११०० डॉलर, पाच सीझन टिकले तर वर्षाला २२०. वर्षातून दोनदा बदलायचे, रिमवर असतील तर एका वेळचे ६०, म्हणजे १२०. कॉन्डोत राहता आणि दुकानातच ठेवायचे तर स्टोरेजचे १००. झाले ४४०. आता वजा करा. इन्शुरन्स वर्षाला २४०० असेल आणि डिस्काउंट ३ टक्के मिळालं तर ७२ गेले, हे डिस्काउंट बहुधा २ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. ८०० डॉलरचे ऑल-सीझन टायर चारऐवजी सहा वर्षं टिकले तर वर्षाला सुमारे ६७ वाचले. उरले ३०० डॉलर. घराला गराज असेल तर २००. आणि जॅक, टॉर्क रेंच घेऊन स्वतः चाकं बदलत असाल तर ८० च्या आसपास, ब्रॅम्प्टनच्या इन्शुरन्सचे आकडे बघता त्याहून कमीसुद्धा.

ऑल-वेदरचं गणित सोपं. सेट १००० ला बसवून मिळाला आणि चार वर्षं टिकला तर वर्षाला २५०, साध्या ऑल-सीझनला तसेही २०० लागलेच असते, म्हणजे जास्तीचे फक्त ५०, आणि बदलायची कटकट नाही, ठेवायची जागा नको. इन्शुरन्सवाल्यांपैकी काही डोंगराचं चिन्ह बघून ऑल-वेदरलाही डिस्काउंट देतात, काही देत नाहीत, फोनवर हो म्हणाले तरी ईमेलवर लिहून घ्या.

समोरच्या गाडीला मागून ठोकलं तर ऑन्टारियोत चूक बहुतेक वेळा तुमचीच धरतात, डिडक्टिबल (दुरुस्तीतला आपला वाटा) ५०० किंवा १००० खिशातून आणि पुढची काही वर्षं प्रीमियम वाढलेला. वर्षाचे ३०० डॉलर त्याच्यासमोर ठेवून बघा. पण हे भीती घालण्यासाठी नाही सांगत, ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा ग्रोसरीला जाते त्याला तेवढा धोका नाहीच, आणि त्याला ३०० खरंच जास्त आहेत.

मग कुणी काय घ्यावं

रोज कामावर जावंच लागतं, किंवा पहाटे-रात्री चालवता, किंवा शहराच्या उत्तरेला-पश्चिमेला जाणं असतं: खरे विंटर टायर, वेगळ्या रिमवर.

घरून काम, हायब्रिड, आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस, टोरंटो-मिसिसॉगा-मार्कहम एवढाच वावर, वादळात घरी बसायची सोय: ऑल-वेदर. ह्यात काही कमीपणा नाही, चांगला ऑल-वेदर हा झिजलेल्या स्वस्त विंटरपेक्षा बरा.

व्हँकुव्हर शहर: ऑल-वेदर, डोंगरात नियमित जात असाल तर विंटर. न्यू जर्सीकडची मंडळीही बहुतेक ह्याच गटात बसतील.

घरात दोन गाड्या असतील तर एकीला विंटर, दुसरीला ऑल-वेदर, आणि वादळाच्या दिवशी ज्याला बाहेर पडणं भाग आहे त्याने विंटरवाली न्यायची. माझ्या मते मध्यमवर्गीय घरासाठी हा सगळ्यात समंजस मार्ग आहे, पण भांडण कुणी कुठली गाडी नेली ह्यावरून होतं ते तुमचं तुम्ही बघा.

साधे ऑल-सीझन आणि तेही अर्धे झिजलेले, ह्यावर हिवाळा काढायचं मात्र मी कुणालाच सुचवणार नाही, अगदी त्या ब्रॅम्प्टनच्या दादालासुद्धा.

घ्यायचं ठरलं तर

चारच घ्या. दोन घेऊन पुढे लावले की पैसे अर्धे होतात असं वाटतं, पण पुढची चाकं धरतात आणि मागची सोडतात, वळणावर ब्रेक लावला की गाडीची शेपटी फिरते आणि गाडी गोल होते. चारचे पैसे आत्ता नसतील तर चांगल्या खाचांचा सेकंड हँड सेट घ्या, पण चारही एकसारखे.

साइज ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. तुमच्या गाडीला १८-१९ इंची चाकं असतील तर त्याच मॉडेलच्या खालच्या ट्रिमला (स्वस्त आवृत्तीला) कुठली साइज येते ते बघा, बहुतेक वेळा एक-दोन इंच लहान रिम चालतं. २०१९ ते २०२५ च्या पेट्रोलच्या रॅव्ह फोरला वरच्या ट्रिममध्ये १९ इंची चाकं यायची पण खालच्या ट्रिमची २२५/६५ आर १७ ही साइज हिवाळ्यासाठी बसते, स्वस्तही पडते, आणि जाड भिंतीमुळे मार्चच्या खड्ड्यांत रिम वाकत नाही. लहान रिम ब्रेक कॅलिपरला घासणार नाही ना, बोल्टची रचना आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) जुळतो ना, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरइतका किंवा जास्त हवा, इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे फार काटेकोरपणे बघा कारण त्या जड असतात. स्पीड रेटिंग थोडं कमी असलं तर घाबरू नका, क्यू म्हणजेसुद्धा ताशी १६० पर्यंत चालतं आणि ऑन्टारियोत हायवेची मर्यादाच १००-११०.

वेगळे रिम घ्यावेत की नाही? घ्या. त्याच रिमवर दर सहा महिन्यांनी टायर काढून-घालून प्रत्येक वेळी बॅलन्सिंगसकट दुप्पट पैसे जातात, टायरच्या कडाही खराब होतात, आणि मिठाने चांगले अलॉय खराब होतात ते वेगळंच. दोन-तीन सीझनमध्ये स्टील रिमचे पैसे वसूल. टायर प्रेशरचे सेन्सर त्या रिममध्ये घालायचे का, तर कॅनडात ते कायद्याने बंधनकारक नाहीत, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पाच महिने बघवत असेल तर वाचवा पैसे, पण मग हवा स्वतः तपासायची शिस्त हवी.

कधी घ्यायचे? सप्टेंबर-ऑक्टोबर. कंपन्यांचे रिबेट तेव्हा असतात, साइज मिळते. पहिला स्नो पडला की सगळा गाव एकदम दुकानात धावतो आणि अपॉइंटमेंटसाठी थांबावं लागतं. कॉस्टको, कॅनेडियन टायर आणि जवळचं एखादं छोटं टायरचं दुकान, तिघांचे कोट घ्या पण बसवणं, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, जुने टायर टाकण्याची फी, टॅक्स सगळं धरून शेवटचा आकडा विचारा, कारण वरची किंमत कमी दाखवून खाली भर घालणं सर्रास चालतं.

सेकंड हँड घेताना खोली सहा मिलिमीटरच्या वर, वय चार वर्षांच्या आत, भिंतीवर फुगवटा किंवा तडे नकोत, आणि आतून पॅच मारलेला आहे का बघा. चारही टायरच्या डीओटी तारखा जवळजवळच्या असाव्यात. "एकच सीझन वापरलेत" हे वाक्य विकणारा प्रत्येक जण म्हणतो, गेज लावायचं.

बसवल्यानंतर

जीटीएमध्ये (टोरंटो आणि आसपासच्या भागात) साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळचं तापमान सलग सातच्या खाली राहायला लागलं की लावायचे, एप्रिलच्या मध्यावर काढायचे. चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्या, बहुतेक दुकानं फुकट करून देतात, फक्त आपण परत जात नाही. भिंतीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढच्या दिशेला आहे का एक नजर टाका, घाईच्या दिवसांत डावं-उजवं उलटं बसतं.

हवा महिन्यातून एकदा. तापमान साडेपाच डिग्रीने उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणजे सप्टेंबरमध्ये २० डिग्रीला ३३ भरलेली हवा उणे १५ च्या सकाळी २७ च्या आसपास दाखवेल, पंक्चर नसतानाही. टायर गार असताना, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजा, आणि आकडा दाराच्या स्टिकरवरचा भरा, टायरवर लिहिलेला कमाल आकडा नाही.

काढलेले टायर धुऊन, सुकवून, काळ्या पिशवीत, ऊन आणि फर्नेसपासून लांब. रिमसकट असतील तर एकावर एक आडवे, नुसते टायर असतील तर उभे. कॉन्डोच्या बाल्कनीत बऱ्याच ठिकाणी ठेवू देत नाहीत, आधी विचारा. प्रत्येकावर खडूने पुढचा डावा, मागचा उजवा असं लिहून ठेवा, पुढच्या सीझनला पुढचे मागे घ्यायचे म्हणजे झीज सारखी होते. आणि बिलाचा फोटो काढून इन्शुरन्सला त्याच दिवशी पाठवा, डिस्काउंट मागितल्याशिवाय सुरू होत नाही.